पक्षाचं तिकीट ठरवताना मतदाराला विचारायचं कसं? (प्रभाग पातळीवरची पद्धत)

बूथवाला

महापालिकांचा धुरळा आता खाली बसलाय. २९ महापालिकांसाठी अर्ज २३ ते ३० डिसेंबर २०२५ या काळात घेतले, मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. एबी फॉर्म (पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे सांगणारी पत्रं) मात्र अनेक ठिकाणी अगदी शेवटच्या दोन दिवसांत हातात पडले आणि आपल्या प्रभागात उमेदवार कोण हे लोकांना बातम्यांतून कळलं. रीत सगळ्याच पक्षांची सारखी आहे, त्यामुळे धाग्यावर पक्षीय हाणामारी नको ही विनंती.

मी मांडतोय ती बूथवर राबणाऱ्यांची बाजू. तिकीट देणं हा पक्षाचा हक्क, त्याबद्दल वाद नाही. पण चार सदस्यांच्या प्रभागात तीस-चाळीस हजार मतदार असतात आणि त्यांच्या दारात पक्षातर्फे उभा राहतो तो कार्यकर्ता. "ह्यालाच का दिलं?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसेल तर स्लिपा वाटण्यापलीकडे त्याच्या हातून फार काही होत नाही. म्हणून मागणी एवढीच आहे: तिकिटाआधी मतदाराचा कौल ठरलेल्या रीतीने घ्या, तो लेखी नोंदवा, आणि डावलायचा असेल तर कारण लिहून डावला.

सध्या इच्छुकांकडून अर्ज आणि पक्षनिधी घेतात, मग मुलाखती होतात. मुलाखतीत खर्चाची ऐपत, जातीचं गणित आणि खाली रस्त्यावर किती गाड्या आणल्या हे पाहिलं जातं. त्यानंतर येतो 'सर्व्हे'. एजन्सीची पोरं चौकात, रिक्षा स्टँडवर, चहाच्या टपरीवर उभी राहतात आणि "नगरसेवक म्हणून कुणाला ओळखता?" असं विचारतात. ओळख म्हणजे पसंती नव्हे. ज्याचे फ्लेक्स जास्त त्याची ओळख जास्त, आणि ज्याच्यावर लोक चिडलेत त्याचीही ओळख भरपूरच. तो अहवाल बंद पाकिटात वर जातो, आणि शेवटच्या रात्री युतीच्या बोलणीत जागाच मित्रपक्षाला सुटली की पाकीटही गेलं.

करता येण्याजोगं काय आहे ते सांगतो. आरक्षणाची सोडत झाली आणि मतदारयादी हाती आली की कामाला लागायचं. इच्छुकांची छाननी पक्षानेच करायची: गुन्हे, थकबाकी, अपत्यांची अट, जात प्रमाणपत्र. उरलेल्या तीन-चार नावांवर कौल घ्यायचा. कौल दोन ठिकाणी, एक पक्षाच्या नोंदणीकृत सभासदांचा आणि दुसरा यादीतून काढलेल्या साध्या मतदारांचा. दोन्हींचे आकडे वेगवेगळे मांडायचे, बेरीज करायची नाही. सभासदाला काम कोण करतं ते माहीत असतं, मतदाराला कोण नको ते माहीत असतं.

घरोघरी जाणारी जोडी दुसऱ्या प्रभागातली हवी. स्थानिक कार्यकर्ता कुणाचा ना कुणाचा माणूस असतोच, आणि मतदार त्याच्या तोंडावर खरं बोलत नाही. प्रश्न तोंडी विचारायचेच नाहीत. छापील चिठ्ठी हातात द्यायची, मतदाराने आतल्या खोलीत खूण करून घडी घालायची आणि कुलपाच्या डब्यात टाकायची. चिठ्ठीवर नावांचा क्रम बदलता ठेवायचा. चार नावं असतील तर चार प्रकारच्या चिठ्ठ्या छापायच्या, कारण पहिल्या नावाला फुकटची मतं पडतात. प्रश्न दोन पुरेत. यातलं कोण उमेदवार असेल तर तुम्ही या चिन्हाला मत द्याल? आणि कोण असेल तर अजिबात देणार नाही? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

कलम_तेरा

चांगला धागा. एबी फॉर्म शेवटच्या क्षणी का निघतात यामागचं कायद्याचं गणित सांगतो. विधानसभा-लोकसभेचं सांगतोय, स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात आणि तिथे हेच काम जोडपत्र-१ आणि जोडपत्र-२ करतात.

१९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशातल्या परिच्छेद १३ प्रमाणे फॉर्म ए म्हणजे पक्षाने कुणाला सही करायचा अधिकार दिला त्याचं पत्र, नमुना सह्यांसकट. फॉर्म बी म्हणजे त्या अधिकृत माणसाने दिलेलं उमेदवाराचं नाव, सोबत पर्यायी उमेदवाराचं नाव. दोन्ही अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत. सही शाईची हवी. फॅक्स, शिक्का, झेरॉक्स चालत नाही.

आता खुबी बघा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर त्याचं नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. इच्छुकाने तिकिटाच्या भरवशावर एकाच सूचकासह अर्ज भरला आणि फॉर्म बी दुसऱ्याच्या नावाने आला, तर छाननीत त्याचा अर्ज उडतो. बंडाचा प्रश्नच मिटला. म्हणून जाणती मंडळी चारपैकी एक अर्ज दहा सूचकांसह अपक्ष म्हणून आधीच भरून ठेवतात. एकाच जागेवर पक्षाचे दोन फॉर्म बी आले आणि कुठलाच रद्द केलेला नसला, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो पक्षाचा उमेदवार धरतात. सकाळी अकरापासून रांगा लागतात त्या यासाठी.

थोडक्यात, उशीर नेहमी गलथानपणामुळे होतो असं नाही. बऱ्याचदा तो बंडखोरीवरचा उपाय असतो. बूथवाला यांची पद्धत आणायची तर नेत्यांच्या हातातलं हे हत्यार जाणार, आणि खरा विरोध तिथे होईल.

वऱ्हाडी_ठेचा

हे आपल्याकडे करून झालंय, थोडं आठवा. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे जिंकले, चारुलता टोकस हरल्या. लातुरात दत्तात्रय बनसोडे. मे महिन्यात दोन्ही जागा भाजपने घेतल्या, वर्ध्यात रामदास तडस, लातुरात सुनील गायकवाड.

त्या वर्षीच्या लाटेत जागा गेल्या याचा दोष पद्धतीवर टाकता येत नाही. पण मतदान कुणी केलं ते पाहा. साध्या मतदाराने नव्हे, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि प्रतिनिधींनी. पदाधिकारी नेमतो कोण? ज्याचं जिल्ह्यात वजन तो. मग त्याच्या घरच्या उमेदवाराला मतं पडणार नाहीत तर कुणाला! मतदारवर्ग कुणी ठरवला इथेच अर्धा निकाल लागलेला असतो.

शंकासुर

बूथवाला, हेतू चांगला आहे. पण तीन ठिकाणी पाय घसरणार.

एक, बोगस सभासद. कौलाच्या महिनाभर आधी इच्छुक गठ्ठ्याने पावत्या फाडतील.

दोन, ज्या समाजाची मतं प्रभागात जास्त, त्याचाच माणूस दर वेळी कौल जिंकणार. सर्वसाधारण जागेवर दलित किंवा मुस्लिम उमेदवार आजही कसाबसा येतो, आणि तोही वरून दिला म्हणून येतो. तुमच्या डब्यातून तो कधीच बाहेर पडणार नाही. यावर उत्तर असल्याशिवाय 'मतदाराचा आदर' वगैरे मला पटत नाही.

तीन, युती. जागाच सुटली तर कौलाचं काय लोणचं घालायचं?

न्यूजर्सीकर

इथला अनुभव कामाला येईल. अमेरिकेत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, सरकारी यंत्रणा घेते, म्हणून तिचा आवाका मोठा. तरीही 'मतदाराने निवडलं, पक्षाने फिरवलं' ही तक्रार इथे जुनीच आहे.

१९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोत उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनावरून जो राडा झाला त्यानंतर नियम बदलले आणि प्रायमरीला वजन आलं. पुढे १९८४ पासून पक्षनेत्यांना अधिवेशनात सुपरडेलिगेट म्हणून मत मिळालं, ते त्यांनी वाटेल त्याला द्यावं. २०१६ च्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत सँडर्स यांना ६० टक्के आणि क्लिंटन यांना ३८ टक्के मतं पडली, पण तिथल्या सुपरडेलिगेटांचा ओढा क्लिंटन यांच्याकडे असल्याने मोजणीच्या तक्त्यात फरक जवळजवळ पुसला गेला. गावोगावचे स्वयंसेवक त्यावर चिडले. ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षाने नियम केला की लढत असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. पहिल्या फेरीत निर्णय झाला नाही तरच ते उतरणार. नेत्यांचा अधिकार काढला नाही, फक्त मतदारांच्या मागे उभा केला. बूथवाला यांना हा नमुना उपयोगी पडेल.

शंकासुर यांच्या पहिल्या मुद्द्यावर: न्यूयॉर्कमध्ये १९ एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलून नोंदवायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. ऐनवेळच्या घुसखोरांना रोखायला होती, पण सहा महिने आधी कुणाला प्रायमरीचं भान असतं? खरे मतदारच बाहेर राहिले आणि पुढे ती मुदत आणावी लागली निवडणुकीच्या जवळ. मुदत हवीच, पण इतकी लांब नको.

लंडनचा_वडापाव

ब्रिटनमध्ये २००९ साली टॉटनेसला हुजूर पक्षाने मतदारसंघातल्या सगळ्या मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. पक्षाचा सभासद असण्याची अट नव्हती. जवळपास एक चतुर्थांश लोकांनी मत पाठवलं आणि डॉक्टर सारा वोलस्टन निवडल्या गेल्या. पुढच्या वर्षी त्या खासदार झाल्या आणि पक्षाला न जुमानता बोलू लागल्या. खर्च इतका आला की प्रयोग फारसा पुढे गेला नाही. खर्चाचं कारण खरं असेल, पण मतदारांनी थेट निवडलेला माणूस व्हिपला घाबरत नाही हेही पक्षांना कळलं असणार.

आकडेमोड

घरोघरी कौलाचा भाग मला आवडला, पण नमुना कसा काढणार हे बूथवाला यांनी सोडून दिलं. खरी गोची तिथेच आहे.

समजा प्रभागात ३६,००० मतदार. यादीतला दर साठावा मतदार घ्या, ६०० नावं मिळतात. सुरुवात कुठून करायची ते १ ते ६० मधला आकडा चिठ्ठीने काढून ठरवा. ६०० कशाला? यादीत स्थलांतरित, मयत, दुबार नावं असतात, शिवाय काही लोक दार उघडत नाहीत. हातात ४०० आले तरी चांगलं.

चुका इथे होतात. नाव असलेला माणूस घरी नाही म्हणून शेजाऱ्याला विचारलं, की नमुना गेला. तीन वेळा जायचं, त्यातली एक खेप संध्याकाळी सातनंतर आणि एक रविवारी. नाही भेटला तर रकान्यात 'भेट नाही' लिहायचं, बदली माणूस घ्यायचा नाही. सोसायटीचा वॉचमन आत सोडत नाही म्हणून इमारती गाळल्या तर सगळा कौल वस्तीचा येतो. उलटही होतं.

दुसरं, ४०० च्या नमुन्यात एका आकड्याची चूक साधारण ५ टक्के इकडे-तिकडे असते हे सगळे सांगतात. पण आपल्याला दोन इच्छुकांमधला फरक हवाय, आणि त्याची चूक मोठी असते. एकाला ४० आणि दुसऱ्याला ३५ टक्के आले तर ती बरोबरी समजा. फरक साडेआठ टक्क्यांच्या वर गेला तरच पुढे कोण हे म्हणता येतं. एजन्सीवाले २ टक्क्यांच्या फरकावर तिकीट कापायला लावतात, ते निव्वळ थोतांड आहे.

फोनवरच्या कौलाचं तर बोलूच नका. जानेवारी २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने पंजाबात मुख्यमंत्रिपदाचा चेहरा फोन आणि मेसेजवरून विचारला. पक्षाने सांगितलेला आकडा २१ लाखांहून जास्त प्रतिसादांचा, त्यातले ९३ टक्के भगवंत मान यांना. मान पुढे मुख्यमंत्री झाले, म्हणजे लोकांची नस बरोबर पकडली होती. पण फोन करणारा पंजाबचा मतदार होता की आणखी कुणी, हे बाहेरच्याने तपासायची सोय कुठे होती?

सई_पेठेतली

महिला राखीव जागांचं कुणीच बोललं नाही! निम्म्या जागा महिलांच्या आहेत, कोपऱ्यातला विषय नाही हा.

चिठ्ठीवर नाव कसं छापणार? 'सौ. अमुक तमुक' आणि खाली कंसात 'माजी नगरसेवक अमुक यांच्या पत्नी' असं छापलं की कौल नवऱ्याचा झाला. बाईंचं स्वतःचं नाव, शिक्षण, प्रभागात केलेलं काम, एवढंच छापा. फोटो लावायचा तर तिचा एकटीचा. आणि घरोघरी गेल्यावर दार पुरुष उघडतो, तोच सगळ्यांच्या वतीने बोलतो. यादीत सुनेचं नाव निघालं असेल तर चिठ्ठी सुनेच्या हातात पडली पाहिजे. जोडीत एक बाई असलीच पाहिजे, नाहीतर ती बाहेर येणार नाही आणि तुमच्या वहीत 'भेट नाही' वाढत जाईल.

बचत गटाच्या बैठकीत एकत्र कौल घेऊ नका. तिथे अध्यक्षाबाई सांगतील तेच होतं.

बूथवाला

आकडेमोड, सई, दोघांचंही म्हणणं पटलं. दर साठावा मतदार आणि बदली नाही, हे पद्धतीत धरतो.

शंकासुर, बोगस सभासदांवर: सभासदाची नोंद मतदार ओळखपत्राचा क्रमांक, यादी भाग आणि अनुक्रमांक यांसकट हवी. मिस्ड कॉलची नोंदणी कौलाला धरायची नाही. नोंदणीची शेवटची तारीख आरक्षण सोडतीच्या आदल्या दिवसाची ठेवा. सोडतीआधी कुठली जागा कुणाला सुटणार हेच माहीत नसतं, त्यामुळे पावत्या फाडायला इच्छुकाला नेम धरता येत नाही. न्यूयॉर्कसारखी सहा महिन्यांची भानगडही नको. शिवाय सभासदांचा आकडा वेगळा मांडायचा हे म्हटलंच आहे. तिथे एक नाव ८० टक्क्यांवर आणि मतदारांत १५ वर असेल तर पावत्या कुणी फाडल्या ते आपोआप दिसतं.

युतीवर: जागावाटपाच्या टेबलावर कौल घेऊनच बसायचं. जागा सुटली तर मित्रपक्षाच्या उमेदवाराचं नावही 'अजिबात देणार नाही' च्या प्रश्नात घालायचं. ४० टक्के मतदार नाही म्हणत असतील तर ते मित्रपक्षालाही आधी कळलेलं बरं.

दुसरा मुद्दा सगळ्यात कठीण. तिथे पक्षाने कौल बाजूला ठेवावा असंच मी म्हणेन. फक्त तो लेखी कारणासह ठेवावा: 'या प्रभागात सर्वसाधारण जागेवर आम्ही अमुक समाजघटकाला प्रतिनिधित्व देत आहोत.' कार्यकर्ता ते दारात अभिमानाने सांगू शकतो. व्याह्याला तिकीट दिलं असेल तर कारणाच्या ओळीत काय लिहिणार?

कलम_तेरा

लेखी कारणाची कल्पना हवेतली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० ला आदेश दिलाय की गुन्हे दाखल असलेला उमेदवार निवडला तर पक्षाने त्याचे तपशील आणि त्यालाच का निवडलं याची कारणं प्रसिद्ध करायची. स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हेही सांगायचं. 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण चालत नाही. लोकसभा-विधानसभेला यासाठी फॉर्म सी-७ आहे, निवडीनंतर ४८ तासांत प्रसिद्ध करायचा. पक्ष तिथे 'समाजसेवेची आवड' छापाची वाक्यं डकवतात ते वेगळं. पण कारण देण्याची सवय कायद्याने लावता येते एवढं त्यातून दिसतं.

बाकी कौलाची सक्ती आयोग करेल ही आशा सोडा. नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ए खाली होते, पण अंतर्गत लोकशाही पाळली नाही म्हणून ती रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही. २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. हे पक्षाच्या घटनेत दुरुस्ती करूनच येणार, आणि ती मागायची तर जिल्हा कार्यकारिणीत ठराव आणूनच.

शंकासुर

कारणाच्या ओळीचं पटलं. आता एक अडचण सांगतो, ती सोडवा. चार जागांच्या प्रभागात एकच बाई ओबीसी महिला, सर्वसाधारण महिला आणि सर्वसाधारण अशा तिन्ही जागांवर पात्र ठरू शकते. चिठ्ठीवर तिचं नाव तीनदा छापणार? मतं फुटतील.

आकडेमोड

नाव एकदाच छापा. सगळे इच्छुक एका चिठ्ठीवर, जागेचा उल्लेखच नको, आणि मतदाराला हवी तितकी नावं पसंत करू द्या. वाटप मोजणीनंतर करायचं, सर्वात अरुंद जागेपासून, म्हणजे जिथे सगळ्यात कमी जण पात्र ठरतात तिथून. आधी अनुसूचित जातीची जागा: पात्र इच्छुकांत ज्याला जास्त पसंती तो तिथे. मग ओबीसी महिला, मग सर्वसाधारण महिला, सर्वात शेवटी सर्वसाधारण. प्रत्येक पायरीवर आधी नेमलेली नावं वगळत जायचं. अरुंद जागेवर एकच पात्र इच्छुक असेल आणि त्याचा 'अजिबात नको' आकडा मोठा असेल, तर पक्षाने त्या जागेसाठी नवा माणूस शोधायचा. त्यासाठी किमान दोन आठवडे हातात ठेवा. जात प्रमाणपत्र आणि पडताळणी अर्जाची पोच जमवायलाच तेवढे दिवस जातात.